शंभर टक्के हजेरीचा ताप

पत्र :

‘मी चौथीची वर्गशिक्षिका आहे. पटावर ४२ मुलं. गेल्या वर्षी फ्लूच्या दिवसांत एका सोमवारी वर्गात दोघं खोकत होते. पुढच्या सोमवारी १९ जण गैरहजर! यंदा असं होता कामा नये, असं मुख्याध्यापिकांनी बजावलंय आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय. स्टाफरूममध्ये रोज नवा उपाय निघतो. कुणी म्हणतं, फाटकावर तापमापक घेऊन शिपाई उभा करा. कुणी म्हणतं, शाळा सुटली की रोज बाकांवर जंतुनाशक फवारा. एका सरांच्या मते पहिला रुग्ण सापडला की आठवडाभर शाळाच बंद ठेवावी. इकडे पालक सकाळी तापाचं औषध पाजून मुलाला पाठवतात आणि फोन केला की “घरून निघताना तर ठणठणीत होता” म्हणतात. लस द्यावी की नाही, यावर पालकांच्या ग्रुपवर रोज जुंपते. शंभर टक्के हजेरीची ढाल सलग तीन वर्षं आमच्या वर्गाकडे होती, तीही गेली. मी स्वतः तापात दोन दिवस वर्गावर उभी होते, कारण बदली शिक्षक नव्हता. यातलं नेमकं काय केलं तर फरक पडेल?’
– एक वर्गशिक्षिका

उत्तर :

बाई,

ढाल गेली ते बरं झालं. राग मानू नका. पण तुमच्या शाळेत फ्लू कोण पसरवतं, असं मला कुणी विचारलं तर विषाणूचं नाव घेण्याआधी मी त्या ढालीचं घेईन.

काही वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात तुमच्याच वर्गाच्या वयाची एक मुलगी आली होती. ताप १०३, डोळे लाल, ओठ सुकलेले आणि हमसून हमसून रडणं चाललेलं. घसा दुखतोय का, म्हणून विचारलं तर मानेनेच नाही म्हणाली. मग आईने सांगितलं, “आज हजेरी लागणार नाही म्हणून रडतेय. हिच्यामुळे ढाल गेली तर मुली बोलणार नाहीत म्हणे हिच्याशी.” आदल्या दिवशी ही पोरगी अंगात कणकण असताना पूर्ण शाळा करून आली होती. दोन दिवसांनी तिच्या बाकावरची मैत्रीण त्याच खुर्चीत माझ्यासमोर बसली होती.

आता तुमच्या त्या दोन सोमवारांचं गणित मांडू. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत १ ते ४ दिवस जातात, बहुतेकांना २. गोम अशी की लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासूनच तो श्वासावाटे, खोकल्यावाटे बाहेर पडू लागतो. पहिल्या सोमवारी त्या दोघांकडून ज्यांनी तो घेतला, त्यांना मंगळवारी काहीच वाटत नव्हतं. ती मुलं खेळली, ओरडली, एकमेकांच्या बाटलीतलं पाणी प्यायली आणि वाटतही सुटली. बुधवारी त्यांना ताप भरला. त्यांच्याकडून ज्यांना मिळाला, ती शुक्रवार-शनिवारी झोपली. दर दोन-तीन दिवसांनी फ्लूची एक पिढी संपते आणि दुसरी सुरू होते. आठवड्याला तीन पिढ्या धरा. दोनाचे एकोणीस व्हायला आणखी काही लागत नाही.

मंगळवारची ती धडधाकट दिसणारी मुलं तुम्हाला ओळखता आली नसती. कुणालाच येत नाहीत. पण ताप चढल्यावरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत विषाणू सगळ्यात जास्त बाहेर पडतो, आणि ते दिवस मूल कुठे काढणार हे मात्र आपण ठरवतो. मोठ्या माणसांत हा प्रकार ५ ते ७ दिवसांत आटोपतो, लहान मुलांत १० दिवस किंवा त्याहूनही जास्त रेंगाळतो. म्हणून माझा सगळा जोर एकाच गोष्टीवर आहे : आजारी मुलाला घरी राहणं परवडलं पाहिजे. खिडक्या, साबण, लस या सगळ्यांविषयी पुढे सांगते. पण हे एक जमलं नाही, तर बाकीचं गळक्या बादलीत पाणी भरल्यासारखं होईल.

पालक खोटं बोलतात असा तुमचा सूर दिसतो. काही बोलतातही. पण सकाळी त्या घरात काय चाललेलं असतं ते डोळ्यांसमोर आणा. मुलगा गरम लागतोय. आईची सुट्टी संपलेली, बाबा फिरतीवर. परवा चाचणी आहे आणि चाचणी बुडाली तर शून्य मिळतं असं मुलगाच सांगतोय. चार दिवस घरी ठेवलं तर डॉक्टरांची चिठ्ठी लागणार. समोर पॅरासिटॅमॉलची बाटली आहे आणि अर्ध्या तासात मूल हसतं-बोलतं होतं हे आईला अनुभवाने माहीत आहे. ती काय करील? निघताना तो ठणठणीत होता, हे ती सांगते तेव्हा अगदी खरं सांगत असते. औषधाचा अंमल चार ते सहा तासांचा. साडेअकरा-बाराला तुमच्या वर्गात तिसऱ्या रांगेत एक डोकं हळूहळू बाकावर टेकतं, वहीच्या पानावर गाल, डोळे पाणावलेले, आणि शेजारचा हात वर करून सांगतो, “बाई, हा गरम लागतोय.” हे दृश्य तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलं असेल.

म्हणून फाटकावरच्या तापमापकाबद्दल मला फारसं प्रेम नाही. सकाळी आठला तो तापाची बातमी देणारच नाही. आईने डोस वेळेवर दिला, एवढंच त्यातून कळेल. शिवाय कपाळावर रोखायचे ते तापमापक उन्हातून चालत आलेल्या, घामेजलेल्या किंवा थंडी-वाऱ्यात उभ्या राहिलेल्या मुलांवर काहीच्या बाही आकडे दाखवतात. फ्लू असूनही ताप न येणारी मुलं वेगळीच. त्या शिपायाला दुसरं काम द्या, मी पुढे सुचवते.

त्याऐवजी फ्लूचा हंगाम सुरू व्हायच्या आधी पालकांना एक निरोप पाठवा. शब्द असे काहीसे असू द्या : ‘मुलाला ताप, अंगदुखी, नवा खोकला किंवा उलट्या होत असतील तर घरी ठेवा. ताप उतरल्यावर, तापाचं कुठलंही औषध न देता पूर्ण २४ तास गेले की शाळेत पाठवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीची गरज नाही. बुडलेली चाचणी पुन्हा घेऊ. हजेरीवरून कुणाला बक्षीस नाही आणि बोलणीही नाहीत.’ खाली मुख्याध्यापिकांची सही हवी, तुमची नको. वर्गशिक्षिकेची सही असली की पालक घासाघीस करतात.

‘२४ तास’ हा शब्दही उदाहरण देऊन समजवावा लागतो, नाहीतर जो तो आपल्या सोयीने मोजतो. मुलाला सोमवारी रात्री ९ ला ताप होता आणि तेव्हा शेवटचा डोस दिला. मंगळवारी दिवसभर औषध नाही, ताप नाही. रात्री ९ ला चोवीस तास भरले. म्हणजे बुधवारी शाळा. मंगळवारी सकाळी ‘रात्रीपासून ताप नाही’ म्हणून पाठवलं तर ते मोजणं चुकलं, कारण रात्रीच्या औषधाचा आणि झोपेचा आडोसा होता. हा नियमसुद्धा तडजोडच आहे बरं का. जपानमध्ये कायदाच आहे : फ्लू झालेल्या विद्यार्थ्याने आजार सुरू झाल्यापासून ५ दिवस उलटेपर्यंत आणि शिवाय ताप गेल्यावर २ दिवस होईपर्यंत शाळेत यायचं नाही; बालवाडीच्या मुलांना तापानंतरचे ३ दिवस. तुमच्या पालकांना ते झेपेल असं वाटत असेल तर तसं करा. मला तरी, पाळला जाणारा सौम्य नियम न पाळल्या जाणाऱ्या कडक नियमापेक्षा बरा वाटतो. आणि उरलासुरला खोकला दोन-दोन आठवडे टिकतो; तेवढ्यासाठी मुलाला घरी डांबू नका. तोंडाला मास्क लावून, खिडकीजवळ बसवलं की पुरे.

चिठ्ठी नको असं मी का म्हणते, तेही सांगते. साध्या फ्लूचं मूल घरी झोपून, पाणी पिऊन बरं होतं. केवळ शाळेला कागद हवा म्हणून त्याला उचलून दवाखान्यात आणतात. तिथे तासभर ते एखाद्या तान्ह्या बाळाशेजारी, एखाद्या दम्याच्या आजोबांसमोर खोकत बसतं. माझ्या प्रतीक्षा-खोलीत शाळांच्या नियमांमुळे पसरलेला फ्लू मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

बुडलेल्या अभ्यासाची भीती घालवणं त्यातल्या त्यात सोपं. प्रत्येक मुलाची एकेक जोडी ठरवून द्या. एक गैरहजर राहिला की दुसऱ्याने त्याच्यासाठी दिवसभराची पानं जपायची, किंवा तुम्ही फळ्याचा फोटो घरी पाठवायचा. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्याने घरातला सकाळचा वाद मिटतो.

आता हवा. शाळांचं सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं, म्हणून जरा लांबण लावते.

१९७७ मध्ये अलास्कात एक प्रवासी विमान उड्डाणाच्या वेळी इंजीन बिघडल्याने जमिनीवरच तीन तास अडकून पडलं. आत ५४ माणसं, त्यांतल्या एका प्रवाशाला फ्लू. बहुतेक लोक आपापल्या जागी बसून राहिले आणि त्या वेळात विमानाची हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बंद होती. ७२ तासांच्या आत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले. जे जितका जास्त वेळ आत बसले, त्यांच्यात आजाराचं प्रमाण तितकं जास्त. एक माणूस, एक बंद नळकांडं, तीन तास. तुमचा वर्ग खिडक्या लावून किती तास चालतो?

मी एका शाळेच्या आरोग्य तपासणीला गेले होते. वर्गात शिरल्याबरोबर तो ओळखीचा कोंदट वास आला. ओले मोजे, खडू आणि चाळीस मुलांचे श्वास. चार खिडक्या होत्या. एक उघडायला गेले तर उघडेना. सुट्टीत भिंती-खिडक्या रंगवताना रंगाऱ्याने तावदान आणि चौकट यांच्या फटीवरून ब्रश फिरवला होता, रंग वाळून सगळं एकजीव झालेलं. दुसरीच्या कडीला सुतळी बांधलेली. तिसरीपुढे कपाट. चौथी उघडायची, पण तिच्याजवळ वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा बसायचा, तो बाहेर बघत बसतो म्हणून बाईंनी ती बंद ठेवलेली. आणि त्याच शाळेने जंतुनाशक फवाऱ्यावर बरीच वर्गणी खर्च केली होती. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

फ्लू शिंकेच्या मोठ्या थेंबांतून पसरतो, तसाच श्वासातून बाहेर पडणाऱ्या अगदी बारीक कणांतूनही पसरतो. हे कण बंद खोलीत तरंगत राहतात, खेळत्या हवेत विरतात. समोरासमोरच्या दोन बाजू उघडल्या तर वारा आरपार जातो; एकाच बाजूच्या चार खिडक्यांपेक्षा एक खिडकी आणि समोरचं दार बरं. फार थंडी असेल तर खिडकी वरून वीतभर उघडी ठेवा आणि प्रत्येक तासाच्या मध्ये पाच मिनिटं सगळं सताड उघडा. भिंतीवरचे एसी बहुतेक वेळा खोलीतलीच हवा गार करून परत देतात, बाहेरची आणत नाहीत; एसी आहे म्हणून हवा चांगली, हा गैरसमज सोडा. शाळेला जमलं तर कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र घ्या. मोकळ्या हवेत ते ४२० पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास दाखवतं. वर्गात आकडा ८०० च्या आत राहिला तर उत्तम, १५०० पुढे गेला तर मुलं एकमेकांनी सोडलेली हवाच ओढताहेत असं समजा. ते यंत्र चौथीच्या मुलांच्या हाती द्या, दर तासाला आकडा फळ्यावर लिहायला लावा. दोन दिवसांत मुलं स्वतःच ‘बाई, अकराशे झाले, खिडकी!’ म्हणून ओरडायला लागतील. जिथे खिडक्या उघडणं शक्यच नाही, तिथे हवा गाळण्याचं यंत्र ठेवता येतं. २०२० मध्ये अमेरिकेत रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थल यांनी पंखा, चार-पाच फिल्टर आणि चिकटपट्टी यांचा एक खोका पुढे आणला. जगभर कितीतरी शाळांमध्ये मुलांनीच तो बनवला. विज्ञानाच्या तासाला याहून चांगलं काम सापडणार नाही.

फवारणीचं म्हणाल तर, फ्लूचा विषाणू स्टील-प्लॅस्टिकसारख्या टणक पृष्ठभागावर २४ ते ४८ तास तग धरतो, कापड-कागदावर ८ ते १२ तास, हातावर जेमतेम काही मिनिटं. दाराची कडी, नळ, दिव्याची बटणं, सगळे वापरतात तो संगणक, एवढं रोज मधल्या सुट्टीत साबणपाण्याच्या फडक्याने पुसलं तर पुरतं. हेच ते शिपायाचं काम. संध्याकाळी रिकाम्या वर्गात धूर सोडून सकाळी पहिल्या खोकल्याला पुन्हा सगळं जसंच्या तसं होणार, आणि त्या वासाने दम्याच्या मुलांना त्रास होतो तो वेगळाच.

हात धुण्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? वीस सेकंद, साबण, नखांच्या कडांसकट. फ्लूच्या विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं, साबण ते फोडतो. म्हणून महागडा ‘जंतुनाशक’ साबण लागत नाही, साधा चालतो. सॅनिटायझर असेल तर त्यात किमान ६० टक्के अल्कोहोल हवं आणि हात मळलेले नकोत. पण एकदा मुलींच्या स्वच्छतागृहापाशी जाऊन बघा, नळाजवळ साबण आहे का. बऱ्याच शाळांत तो ‘मुलं वाया घालवतात’ म्हणून ऑफिसच्या कपाटात कुलपात असतो. हात धुण्याची पोस्टरं मात्र भिंतभर. मुलांना नाक पुसल्यावर आणि खाण्याआधी हात धुवायची, खोकताना कोपर तोंडाशी न्यायची सवय लागते; मोठ्यांनाच लागत नाही.

वर्गात एखाद्याला ताप चढला तर त्याला ऑफिसातल्या बाकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत बसवू नका. खिडकी असलेली एक खोली किंवा व्हरांड्याचा एक कोपरा ठरवून ठेवा, मास्क द्या, पाणी द्या, एका माणसाला जवळपास थांबू द्या आणि घरी फोन करा. त्याच्याशी बोलताना आवाजात चिडचिड नको, ‘कशाला आलास?’ हे वाक्य तर नकोच. तो स्वतःहून आलेला नसतो. आणि कुणाला फ्लू झाला त्याचं नाव पालकांच्या ग्रुपवर कदापि टाकू नका. ‘वर्गात फ्लूचे रुग्ण आहेत, लक्ष ठेवा’ एवढं पुरे. एकदा नाव फुटलं की पुढचा पालक आजार लपवतो.

आता लस. पालकांच्या ग्रुपवरचं भांडण मी ओळखू शकते : ‘लस घेऊनच फ्लू झाला’ विरुद्ध ‘लस घेतलीच पाहिजे’. दोघांनाही थोडं थोडं सांगते. टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, तिने फ्लू होऊच शकत नाही. एखादा दिवस हात दुखेल, कणकण येईल. नाकात फवारायच्या लसीत दुबळा केलेला विषाणू असतो, ती २ वर्षांवरच्यांना देतात आणि कुणाला देऊ नये ते डॉक्टर सांगतात. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. त्या मधल्या दिवसांत ज्याला फ्लू होतो, तो लसीला बोल लावतो. आणि लस शंभर टक्के नाहीच. फिरत असलेल्या विषाणूंशी तिचं चांगलं जुळलं त्या वर्षी ती डॉक्टरकडे जावं लागण्याइतका फ्लू होण्याचा धोका ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून दरवर्षी नवी लस. तिच्यात काय घालायचं याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा करते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी. ९ वर्षांच्या आतल्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर किमान ४ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. तुमच्याकडे फ्लू कधी उसळतो त्याच्या महिनाभर आधी हे सगळं व्हायला हवं.

एक घोटाळा नेहमी होतो. पालक लसीकरणाचं कार्ड दाखवून म्हणतात, ‘इन्फ्लुएन्झाची तर बाळपणीच दिलीय.’ ती हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी, म्हणजे हिबची असते. तो जिवाणू आहे. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाला वाटलं, फ्लूचं कारण हाच. म्हणून ते नाव चिकटलं. माणसातला फ्लूचा विषाणू हाती लागला १९३३ मध्ये, पण तोवर नाव पक्कं झालं होतं. त्या लसीचा फ्लूशी काही संबंध नाही.

मुलांना लस दिल्याने फायदा कुणाला होतो, याची एक गोष्ट ग्रुपवर जरूर सांगा. कॅनडातले हटराइट लोक शेतीवर जगणाऱ्या, सगळं सामाईक असलेल्या छोट्या वसाहतींत राहतात. तिथल्या ४९ वसाहतींमध्ये एक प्रयोग झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काही वसाहतींत ३ ते १५ वर्षांच्या मुलांना फ्लूची लस दिली, बाकीच्यांत तुलनेसाठी हेपॅटायटिस ए ची. मुलांना फ्लूची लस मिळालेल्या वसाहतींत, ज्यांनी ती घेतलीच नव्हती त्या बाकीच्या माणसांतही फ्लू सुमारे ६१ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे पोराच्या दंडात टोचली आणि आजी वाचली. तरीही शाळेने सक्ती करू नये असंच माझं मत आहे. सक्तीची भाषा निघाली की चर्चा लसीवरून हक्कांवर जाते. दमा, मधुमेह, हृदयविकार असलेल्या मुलांच्या पालकांशी मात्र तुम्ही स्वतः, एकेकाशी बोला. त्यांना पहिलं प्राधान्य. आणि शिक्षकांना.

शाळा बंद ठेवण्याविषयी. १९१८ च्या महासाथीत अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनी शाळांना टाळं लावलं, पण न्यूयॉर्कने लावलं नाही. तिथले आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड आणि बाल-आरोग्य विभागाच्या प्रमुख जोसेफिन बेकर यांचं म्हणणं असं की मुलं गर्दीच्या, अंधाऱ्या चाळवजा घरांत आणि रस्त्यावर राहण्यापेक्षा शाळेत, रोज सकाळी कुणीतरी तपासतंय अशा जागी बरी. आजारी दिसलेल्या मुलाला घरी पाठवायचे आणि त्याच्या घरी परिचारिका जायची. त्या निर्णयाची वाखाणणीही झाली आणि त्यावर वादही झाले, पण त्यामागचा प्रश्न आजही तोच आहे : शाळा बंद केली तर मुलं जाणार कुठे? एका मुलाला फ्लू झाला म्हणून आठवडाभर सुट्टी दिली तर ती सगळी खाली मैदानात एकत्र खेळतात. आणि निम्मा वर्ग झोपल्यावर बंद केलीत तर ते वरातीमागून घोडं. जपानी शाळा एकेक वर्ग तेवढा काही दिवस बंद ठेवतात. तुमच्या भागात आरोग्य खात्याने तसं सांगितलं तर ऐका. स्वतःहून घाई नको.

काही गोष्टी प्रत्येक शिक्षकाला तोंडपाठ हव्यात. श्वास भरभर चालणं, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडणं, ओठ निळसर होणं, पाणीही न पिणं, आठ-आठ तास लघवी न होणं, झटके, हाक मारूनही नीट जागं न होणं, किंवा बरा होत आलेला ताप-खोकला उलटून पुन्हा जोरात येणं. यातलं एकही दिसलं तर पालक येईपर्यंत वाट बघू नका, दवाखाना गाठा. फ्लूच्या मुलाला ॲस्पिरिन देऊ नका, रेज सिंड्रोम नावाचा मेंदू आणि यकृताचा दुर्मीळ पण घातक आजार त्यातून होऊ शकतो. अँटिबायोटिक फ्लूच्या विषाणूवर चालत नाही. ओसेल्टामिविरसारखं विषाणूविरोधी औषध चालतं, पण ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सगळ्यात जास्त उपयोग, म्हणून दमेकरी मुलाला ताप आला की ‘बघू दोन दिवस’ नको.

शेवटी तुमचं स्वतःचं. तापात दोन दिवस वर्गावर उभ्या राहिलात, हे तुम्ही एका ओळीत लिहून टाकलंत, जणू कर्तव्यच. बाई, वर्गात सगळ्यात जास्त बोलणारं, सगळ्यात जास्त मुलांच्या वह्यांवर वाकणारं माणूस कोण? ते दोन खोकणारे एकेका बाकावर बसून होते, तुम्ही ४२ मुलांमधून फिरलात. दोष तुमचा नाही. बदली शिक्षक नसला की शाळा काय करते ते मी पाहिलंय : दोन वर्ग एका खोलीत कोंबायचे, नाहीतर पाच-पाच मुलं इतर वर्गांत वाटून टाकायची. फ्लूला याहून सोयीचं काही नाही. त्यापेक्षा त्या दिवशी ४२ जणांना मैदानावर नेऊन कुणी गोष्ट सांगितली, वाचन घेतलं, मुख्याध्यापिकांनी स्वतः दोन तास घेतले, तरी चालेल. अशा दिवसासाठी स्वाध्यायाचे कागद आत्ताच काढून कपाटात ठेवा.

आणि आता मुख्याध्यापिकांकडे जाल तेव्हा ढाल परत मिळवण्याचं बोलू नका. तीन गोष्टी मागा : नळावर साबण, पालकांच्या निरोपावर त्यांची सही, आणि खिडक्या सोडवायला अर्ध्या दिवसासाठी एक सुतार.